जोडणी उघडत नाही, तेव्हाचे प्रात्यक्षिक कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकी प्रवेशाचा हंगाम आला की आपल्या शिक्षणाच्या पानावर कोणत्या शाखेला किती मागणी, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या किती जागा वाढल्या, कट-ऑफ कुठे गेला, यावर भरपूर छापून येते. मी पालक म्हणून आणि या धंद्यातली म्हणून ते सगळे वाचते. आज मात्र मला एका अगदी लहान प्रॅक्टिकलबद्दल लिहायचे आहे. त्याची बातमी कधी होत नाही, पण ते नीट न झाल्याचे परिणाम मी आमच्या भागात गावोगाव बघते आहे.

संगणक अभियांत्रिकीच्या 'कॉम्प्युटर नेटवर्क्स' विषयाच्या लॅबमध्ये बहुतेक ठिकाणी सॉकेट प्रोग्रॅमिंगचे एक प्रॅक्टिकल असते; सॉकेट म्हणजे प्रोग्रॅमने नेटवर्कवर बोलण्याचे टोक. सी भाषेत दोन प्रोग्रॅम लिहायचे, एक सर्व्हर आणि एक क्लायंट. क्लायंटने 'हॅलो' पाठवायचे, सर्व्हरने ते परत करायचे. स्क्रीनचा प्रिंटआउट जर्नलला लावायचा आणि सरांची सही घ्यायची. दोन्ही प्रोग्रॅम एकाच पीसीवर चालतात आणि पत्ता असतो १२७.०.०.१, म्हणजे यंत्राने स्वतःशीच बोलायचे. तिथे ना टॉवर जातो, ना लाइट जाते, ना पॅकेट वाटेत गहाळ होते. 'कनेक्ट' म्हटले की जोडणी उघडते, दरवेळी, डोळ्याचे पाते लवायच्या आत. चार वर्षांच्या शिक्षणात जोडणी न उघडण्याचा अनुभव मुलांना एकदाही येत नाही आणि ती मुले तशीच नोकरीला लागतात.

या प्रॅक्टिकलमध्ये चूकही कशी झाकली जाते, याचा एक नमुना देते. पोर्ट क्रमांक, म्हणजे समोरच्या यंत्रावरच्या कोणत्या प्रोग्रॅमशी बोलायचे ते सांगणारा आकडा, नेटवर्कवर पाठवताना त्याचे दोन बाइट ठरलेल्या क्रमाने, मोठा आधी, असे लिहावे लागतात. आपल्या पीसीतला प्रोसेसर ते उलट्या क्रमाने ठेवतो, म्हणून 'एचटॉन्स' हे फंक्शन वापरून क्रम बदलून घ्यायचा असतो. ते विसरले तर ८०८० चे ३६८९५ होते. आता गंमत अशी नाही की मुले विसरतात; काळजीची गोष्ट अशी की विसरले तरी प्रॅक्टिकल चालते. सर्व्हरही विसरला, क्लायंटही विसरला, दोघेही ३६८९५ वर भेटले, 'हॅलो' परत आले, सही झाली. हाच क्लायंट पुढे दुसऱ्या कोणाच्या, नीट लिहिलेल्या सर्व्हरशी जोडायला जाईल तेव्हा कुठे ते उघडे पडणार.

मी कराडला राहते. दूध संकलन केंद्रांवर काटा, फॅट मशीन आणि पावतीचा प्रिंटर यांना जोडणारा जो छोटा लिनक्स बोर्ड असतो, त्यावरचे सॉफ्टवेअर लिहिणे आणि दुरुस्त करणे हे माझे काम. दूध घालणारा माणूस किटली काट्यावर ओततो, नमुना फॅट मशीनमध्ये जातो, फॅट आणि एसएनएफ (फॅटखेरीजचे घन घटक) येतात, दर निघतो, पावती हातात पडते आणि तीच नोंद मोबाइलच्या डोंगलवरून डेअरीच्या सर्व्हरला जाते. ऐकायला सरळ वाटते. यातला एकच टप्पा असा आहे की जो केंद्राच्या चार भिंतींबाहेर जातो, आणि नेमका तोच शिकवला जात नाही.

पाटण तालुक्यात वरच्या अंगाच्या एका केंद्रावर काही सकाळी पावती अडकायची. सहा-साडेसहाची वेळ, रांगेत माणसे, कुणाला पुढे मुलांची शाळा, कुणाला रानात जायचे. काट्यावर वजन दिसतंय, फॅट आलीय, आणि प्रिंटर गप्प. दीड-दोन मिनिटांनी एकदम पावती बाहेर. पुढच्या माणसाला पुन्हा तेच. यंत्र ज्यांनी पुरवले त्यांनी सांगितले, नेट स्लो आहे, प्लॅन वाढवा. प्लॅन वाढवला. सिम बदलले. पत्र्यावर अँटेना चढवली. केंद्रचालक मला म्हणाले, "मॅडम, रेंज तर फुल्ल हाय, मग ह्ये थांबतंय कशाला?" प्रश्न अगदी बिनचूक होता. रेंजच्या कांड्या फक्त बोर्डापासून टॉवरपर्यंतचे सांगतात. टॉवरच्या मागची लाइन बंद असेल तर कांड्या पूर्ण दिसतात आणि पॅकेट तरीही कुठेच पोहोचत नाही.

मी 'एसट्रेस' लावून बघितले. हे साधन चालू प्रोग्रॅम कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, कोणकोणत्या विनंत्या करतो ते ओळीओळीने दाखवते. 'सॉकेट' ही विनंती झाली, तीन नंबरचा डिस्क्रिप्टर, म्हणजे त्या सॉकेटचा ओळख क्रमांक, मिळाला. पुढची ओळ 'कनेक्ट', पत्ता, पोर्ट, आणि तिथेच कर्सर लुकलुकत राहिला. ओळ पूर्ण झाली तेव्हा शेवटी लिहून आले: कनेक्शन टाइम्ड आउट. आणि लागलेला वेळ १२७ सेकंद.

हा आकडा योगायोगाने येत नाही. जोडणी उघडताना कर्नल 'सिन' नावाचे पहिले पॅकेट पाठवतो. समोरून 'सिन-ॲक' आले की आपण 'ॲक' पाठवायचे, मग जोडणी झाली. पहिल्या पॅकेटला उत्तरच आले नाही तर कर्नल एक सेकंद थांबून पुन्हा पाठवतो, मग दोन सेकंद थांबतो, मग चार, आठ, सोळा, बत्तीस, आणि शेवटच्या पॅकेटनंतर चौसष्ट सेकंद वाट पाहून हात टेकतो. बेरीज १२७. त्या बोर्डावरच्या लिनक्समध्ये पुन्हा पाठवण्याची मर्यादा सहा होती, तीच मूळची असते. अलीकडच्या कर्नलमध्ये सुरुवातीचे काही प्रयत्न एकेका सेकंदाने होतात, त्यामुळे एकूण वेळ थोडा वाढून १३१ सेकंद भरतो. दरवेळी थांबणे दुप्पट करण्यामागचे कारण चांगले आहे: नेटवर्क आधीच तुंबले असेल तर त्यात आणखी भर घालू नये. कर्नल आपले काम चोख करत होता. प्रश्न प्रोग्रॅमच्या रचनेचा होता. वजन, फॅट, कनेक्ट, पाठवणे आणि मग छपाई, असे सगळे एकाच धाग्यात, एकामागून एक. पावतीला सर्व्हरची काहीही गरज नव्हती, दर बोर्डातच निघत होता. तरी ती त्या १२७ सेकंदांच्या मागे उभी होती.

ज्या मुलाने तो प्रोग्रॅम लिहिला त्याच्याशी मी बोलले. हुशार आणि कष्टाळू मुलगा, चांगल्या कॉलेजचा, चांगल्या गुणांचा. 'कनेक्ट' इतका वेळ थांबू शकते हे त्याने कुणाकडूनच ऐकले नव्हते. आम्ही एका बैठकीत रचना बदलली. नोंद आधी बोर्डावरच्या डेटाबेसमध्ये लिहायची, लगेच पावती छापायची, पाठवण्याचे काम वेगळ्या प्रोसेसकडे. त्या प्रोसेसमध्ये सॉकेट 'नॉन-ब्लॉकिंग' करायचा. मग 'कनेक्ट' लगेच परत येते आणि सांगते, काम चालू आहे. त्यानंतर 'पोल'ने आपण ठरवू तेवढी, समजा पाच सेकंद, वाट पाहायची. इथेही एक खाच आहे. सॉकेट 'लिहायला तयार' झाला म्हणजे जोडणी झालीच असे नसते, ती फसली तरी तो तसाच तयार दिसतो. म्हणून सॉकेटलाच त्याची शिल्लक चूक विचारायची आणि उत्तर शून्य आले तरच पुढे जायचे. फसली असेल तर तो सॉकेट बंद करून नवा घ्यायचा, जुन्यावर पुन्हा 'कनेक्ट' करायचे नाही. हे सगळे पाठ्यपुस्तकाच्या एका पानात मावते. ते पान मुलांसमोर येतच नाही, हे माझे दुःख आहे.

न उघडलेल्या जोडणीची तऱ्हाही एक नसते. समोरचे यंत्र चालू आहे पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही, तेव्हा तिकडून ताबडतोब नकार येतो: कनेक्शन रिफ्यूज्ड. त्याचा अर्थ वाट ठीक आहे, सर्व्हरचा प्रोग्रॅम पडला आहे. वाटेतल्या राउटरने कळवले की पुढे रस्ता नाही, तर उत्तर वेगळे येते. नावावरून पत्ताच मिळाला नाही तर गोष्ट 'कनेक्ट'पर्यंत जातच नाही. आणि काहीच उत्तर आले नाही, तर ते मौन मधल्या लाइनचे आहे, फायरवॉलचे आहे की बंद पडलेल्या सर्व्हरचे, हे इकडून ओळखण्याची सोय टीसीपीत, म्हणजे जोडणीच्या या नियमावलीत, नाही. या प्रत्येक वेळी करायची गोष्ट वेगळी. तरी बाजारातल्या यंत्रांवर आणि ॲपवर सगळ्यांसाठी एकच पाटी असते, 'नेटवर्क एरर', आणि केंद्रचालक सिम बदलत बसतो.

याहून गंभीर प्रकार दुसऱ्या एका डेअरीवर पाहिला. तिथे एका सकाळच्या नोंदी बोर्डावर 'पाठवल्या' दिसत होत्या आणि सर्व्हरवर नव्हत्या. आमच्याकडे दुधाचे बिल दहा दिवसांनी निघते. त्या दहा दिवसांच्या बिलात कित्येकांचे एका वेळचे दूध कमी भरले. लोकांनी पावत्या जपून ठेवल्या होत्या म्हणून हिशेब मिटला, नाहीतर ज्याचे त्याला सिद्ध करता आले नसते.

झाले असे होते की सर्व्हरचा प्रोग्रॅम डेटाबेससाठी अडकून बसला होता, नव्या जोडण्या तो स्वीकारतच नव्हता. पण जोडणीचा हात मिळवण्याचे काम प्रोग्रॅम करत नाही, समोरचा कर्नल करतो. प्रोग्रॅम झोपलेला असला तरी कर्नल 'सिन-ॲक' देतो आणि पूर्ण झालेली जोडणी रांगेत ठेवतो. लिनक्समध्ये या रांगेची कमाल मर्यादा पूर्वी १२८ होती, ५.४ आवृत्तीपासून ती ४०९६ आहे. म्हणजे शंभरेक केंद्रे सुखाने त्या रांगेत बसू शकतात. बोर्डाच्या बाजूने 'कनेक्ट' यशस्वी. मग नोंद लिहिली, तीही यशस्वी, कारण लिहिणे म्हणजे फक्त आपल्या कर्नलच्या बफरमध्ये टाकणे. बोर्डाने खूण केली, पाठवले. नंतर कुणीतरी अडकलेला सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला आणि रांगेतले सगळे गेले.

यावर उपाय एकच. समोरच्या प्रोग्रॅमने नोंद आपल्या डेटाबेसमध्ये लिहिल्यावर स्वतः पोच द्यायची आणि ती हातात येईपर्यंत बोर्डाने नोंद 'पाठवली' म्हणायचे नाही. प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक द्यायचा, म्हणजे पोच वाटेत हरवली आणि नोंद दुसऱ्यांदा गेली तरी दूध दोनदा धरले जात नाही. पोस्टाच्या रजिस्टरचे पत्र आणि त्याची पोचपावती माहीत असलेल्या माणसाला हे सांगावेही लागत नाही. पण 'कनेक्ट'ने शून्य दिले म्हणजे पलीकडच्या माणसाने ऐकले, अशी समजूत १२७.०.०.१ वर तयार झालेली असते आणि ती फार चिवट असते.

मला नेहमी ऐकवले जाते की आता इतक्या खालच्या थराला कोण जातो, लायब्ररी सगळे करतात. लायब्ररी मीही वापरते. पण त्यांनी काय ठरवून ठेवले आहे ते तरी माहीत हवे ना? पायथॉनची लोकप्रिय 'रिक्वेस्ट्स' लायब्ररी आपण सांगितल्याशिवाय स्वतःची कोणतीही वेळमर्यादा लावत नाही. 'लिबकर्ल' जोडणीसाठी मुळात ३०० सेकंद थांबते. 'गो' भाषेतल्या साध्या 'डायल'लाही स्वतःची मर्यादा नाही, मग कर्नल ठरवेल तीच. लायब्ररी वापरणाऱ्यालाही कुणीतरी एकदा हा थर उघडून दाखवलेला असावा लागतो. आणि त्या लायब्ररी लिहिणारी माणसे कुठल्या तरी कॉलेजातून येणारच, ती आपल्या कॉलेजांतून का येऊ नयेत?

हा विषय जुना आहे म्हणून कालबाह्य आहे, हा समजही मला खोडायचा आहे. टीसीपीचे मूळ मानक, आरएफसी ७९३ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यांत लिहिले जातात ते क्रमांकित दस्तऐवज), सप्टेंबर १९८१ चे. १ जानेवारी १९८३ ला इंटरनेटचे पूर्वज आर्पानेट जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी/आयपीवर आले आणि त्याच वर्षी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून निघालेल्या ४.२बीएसडी युनिक्समधून आज आपण वापरतो तो सॉकेट इंटरफेस जगभर गेला. एटी अँड टीने आपल्या सिस्टम फाइव्ह युनिक्समध्ये 'ट्रान्सपोर्ट लेअर इंटरफेस' नावाची वेगळी पद्धत आणली होती, टी-ओपन, टी-कनेक्ट अशा फंक्शनांची. ती मागे पडली. बेल लॅब्जच्या प्लॅन ९ मध्ये तर जोडणी ही एक फाइल होती: 'क्लोन' फाइल उघडायची, जोडणीचा क्रमांक वाचायचा, नियंत्रणाच्या फाइलीत 'कनेक्ट' आणि पत्ता लिहायचा, मग डेटाची फाइल उघडून बोलायचे. मला आजवर पाहिलेल्या रचनांत हीच सर्वांत स्वच्छ वाटते, आणि मुलांना ती दाखवली तर सॉकेटमागची कल्पना पटकन उमगते. टीसीपीचे मानक ऑगस्ट २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ म्हणून नव्याने लिहिले गेले. मे २०२१ मध्ये क्विक या टीसीपीला पर्यायी असलेल्या प्रोटोकॉलचे मानक आले, जिथे जोडणी उघडण्याचे काम कर्नलमधून निघून प्रोग्रॅममध्येच आले आहे. म्हणजे जे आजवर कर्नल सांभाळत होता, ते उद्या आपल्याच मुलांना लिहायचे आहे.

पत्त्यांचेही तसेच. मोबाइलवर आपल्याकडे आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची नवी, लांब पद्धत, मोठ्या प्रमाणावर आहे. एका नावाला जुन्या आणि नव्या दोन्ही तऱ्हांचे पत्ते मिळतात आणि पहिला लागला नाही तर दुसरा करून पाहावा लागतो. ब्राउझर यासाठी पहिल्याचा निकाल लागण्याची वाट न पाहता थोड्या वेळाने दुसराही सुरू करतात. आरएफसी ८३०५ मध्ये हे अंतर २५० मिलिसेकंद सुचवले आहे. कॉलेजच्या लॅबमधल्या नमुना प्रोग्रॅममध्ये पत्त्यांची यादी घेऊन फिरणारा लूपच नसतो. कित्येक ठिकाणी नावावरून पत्ता शोधायला अजून 'गेटहोस्टबायनेम' शिकवतात, जे २००८ च्या पॉझिक्स या युनिक्सच्या मानकातून काढून टाकले गेले आहे आणि ज्याला आयपीव्ही६ पत्ते झेपत नाहीत.

माझी मागणी नवा विषय सुरू करा अशी नाही. आहे ते प्रॅक्टिकल एका तासाने वाढवा. लागणारे सगळे साहित्य लिनक्समध्ये फुकट आहे. सर्व्हर बंद ठेवून क्लायंट चालवायला लावा आणि नकार किती पटकन येतो ते मोजायला सांगा. मग 'आयपीटेबल्स' या लिनक्सच्या फायरवॉलने तेच पोर्ट गुपचूप गिळून टाका आणि घड्याळ लावून बसवा. ती दोन मिनिटे वर्गाला शांतपणे सोसू द्या, त्याचा परिणाम कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त होतो. नेटवर्क मुद्दाम बिघडवून दाखवणाऱ्या 'टीसी'च्या 'नेटएम'ने शंभरातली वीस पॅकेट टाकून द्या. सर्व्हरला 'लिसन'नंतर 'ॲक्सेप्ट' (जोडणी स्वीकारणे) न करता झोपवून ठेवा आणि मुलांना विचारा, क्लायंट यशस्वी कसा म्हणतोय? आणि किमान एकदा क्लायंट शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या सर्व्हरशी जोडायला लावा, म्हणजे बाइटचा क्रम चुकलेला लगेच कळेल. तोंडी परीक्षेत 'थ्री-वे हँडशेक (सिन, सिन-ॲक, ॲक) म्हणजे काय' एवढेच न विचारता 'दुसरे पॅकेट आलेच नाही तर पुढे काय होते' हे विचारा. जर्नलमध्ये यशाच्या प्रिंटआउटबरोबर अपयशाचाही प्रिंटआउट मागा.

प्राध्यापकांवर माझा राग नाही. एका लॅबला किती बॅचेस, किती नोंदी, किती समित्या, हे मला माझ्या शिक्षक मैत्रिणींकडून कळते. लॅबच्या पीसीवर 'रूट'चा, म्हणजे यंत्रावरचा पूर्ण, अधिकार नसतो म्हणून हे प्रयोग करता येत नाहीत, असेही त्या सांगतात. ती अडचण खरी आहे, पण व्हर्च्युअल मशीनमध्ये किंवा लिनक्सच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये प्रत्येक मुलाला स्वतःचे छोटे, हवे तसे बिघडवता येणारे नेटवर्क देता येते. त्याचे मराठीतले लिखित टिपण मी तयार केले आहे, आज्ञांसह, कॉलेजच्या साध्या पीसीवर चालवून पाहिलेले.

सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या कोणत्याही अभियांत्रिकी किंवा पॉलिटेक्निक कॉलेजने बोलावले तर मी शनिवारी येईन. संकलन केंद्रावरचा बोर्ड, डोंगल आणि पावतीचा प्रिंटर सोबत आणेन, म्हणजे मुलांना १२७ सेकंद म्हणजे रांगेत उभ्या माणसाला काय हे दिसेल. मानधन नको, प्रोजेक्टर आणि प्रत्येक दोघांत एक पीसी असला की पुरे. माझा पत्ता आणि फोन आपल्या कार्यालयाकडे दिला आहे. जे विचारतील त्यांना कृपया कळवावा, आणि ते टिपण आपल्या शिक्षणाच्या पानावर छापता आले तर त्यासाठीही ते सोबत जोडले आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, कराड